पिशवीच्या ऑपरेशननंतरचे दिवस : वाट कधी पाहायची, कधी नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतील एका मावशींचे गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले. पाचव्या दिवशी त्या रिक्षाने घरी आल्या. शेजारणींनी खिचडी आणली, पाण्याचे हंडे भरून दिले. सातव्या दिवशी अंगात कणकण आली. सून म्हणाली, "आत्या, दवाखान्यात जाऊन येऊ या का?" मावशी म्हणाल्या, "एवढ्याशासाठी कशाला? तुझा खाडा होईल. गोळी घेते, उतरेल."

गोळीने ताप उतरला, रात्री पुन्हा चढला. असे चार दिवस गेले. अकराव्या दिवशी लुगडे पोटाशी ओले लागले आणि वास येऊ लागला, तेव्हा त्या गेल्या. टाके उकलून पू काढावा लागला, पुढे कितीतरी दिवस रोज ड्रेसिंग. सुनेचा एक खाडा वाचवायला गेल्या आणि महिन्याचा पगार गेला.

मावशींना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आपल्या वस्तीतील प्रत्येक घरात हेच झाले असते. दवाखान्याने घरी सोडले म्हणजे धोका संपला, असे आपण धरून चालतो. पण जखमेत पू व्हायचा तो बहुतेक वेळा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतो, म्हणजे माणूस घरी आल्यावर. म्हणून बघायचे काम घरच्यांचेच असते.

काय बघायचे? दुखणे रोज थोडे थोडे कमी व्हायला हवे. कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढले, तर काहीतरी बिघडले आहे. टाक्याभोवती थोडा लालपणा, किंचित पाणी, खाज हे चालते. लालपणा पसरत असेल, जागा गरम लागत असेल, पू किंवा वास येत असेल, टाका सुटून जखम उघडली असेल, तर त्याच दिवशी निघावे. लालपणाच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवावी. संध्याकाळपर्यंत रेघ ओलांडली की वाट पाहायची नाही. जखमेवर हळद, राख, कुणी सांगितलेली पावडर काही लावू नये. ज्यांना साखर आहे त्यांनी तर दुप्पट लक्ष द्यावे, त्यांची जखम लवकर चिघळते.

ताप हाताने पाहू नका, थर्मामीटरने मोजा. १००.४ किंवा त्याहून जास्त भरला की डॉक्टरांना कळवावे. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घ्यावीच, पण आधी ताप मोजावा. त्याच गोळीने ताप झाकला जातो आणि आपण फसतो.

आता जे बायका बोलत नाहीत ते. या ऑपरेशननंतर काही आठवडे थोडे तपकिरी डाग पडतात, त्याला घाबरू नये. पण तासाभरात पॅड भिजत असेल, गाठी पडत असतील, तर रात्र असली तरी निघावे. अंगावरून घाण वास येणारे पाणी जाणे हेही दाखवायलाच हवे. लघवी न कळत सारखी गळत असेल, तर लाजून फडके लावून बसू नका. मूत्राशयाला इजा झाली असण्याची शक्यता असते आणि त्यावर उपचार आहेत. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, किंवा पोट फुगले, वारा सरत नाही आणि उलट्या होतात, हेही थांबण्यासारखे नाही.

एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, की आपल्याकडे लगेच तेल लावून चोळतात. तसे मुळीच करू नका. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले, की रिक्षाही शोधत बसू नये, १०८ ला फोन करावा.

हंड्याची गोष्ट वेगळी सांगतो, कारण नळ दहा मिनिटे येतो आणि घरात दुसरे कुणी नसते. तरीही निदान सहा आठवडे भरलेला हंडा उचलायचा नाही. आतले टाके बाहेरून दिसत नाहीत, पण तेही सुटतात. शेजारणींनी पाण्याची पाळी लावून घ्यावी.

जायचे ते शक्यतो जिथे ऑपरेशन झाले तिथेच. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सुई टोचून दोन दिवस बरे वाटते आणि तेच दोन दिवस वाया जातात. डिस्चार्जचा कागद सोबत घ्या. ओपीडी बंद असेल तर अपघात विभाग रात्रभर चालू असतो, "ऑपरेशनला इतके दिवस झाले" हे पहिल्याच वाक्यात सांगा. कुणी "एवढ्यासाठी आलात?" म्हणून खेकसले, तर ऐकून घ्या, पण तपासल्याशिवाय उठू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झाले असेल, तर घरी सोडल्यावर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधे त्याच पॅकेजमध्ये धरलेली असतात. पैसे मागितले तर दवाखान्यातील आरोग्यमित्राला गाठावे.

आमच्या गल्लीने वर्गणी काढून एक थर्मामीटर घेतले आहे. ते मावशींच्या घरी असते, रात्री केव्हाही दार वाजवले तरी मिळते.