स्लायडिंग खिडकीतून पावसाचं पाणी आत येतंय?

लगेच सिलिकॉन भरू नका! आधी खालचा ट्रॅक बघा. पाणी बाहेर जाण्यासाठी त्याला छोटी भोकं असतात. ती मातीने बुजली की ट्रॅक भरतो आणि पाणी घरात सांडतं. जुना टूथब्रश आणि बारीक तार घेऊन ती मोकळी करा, मग कपभर पाणी ओतून खात्री करा. ही भोकं कधीही बुजवू नका.

🔧 खिडकी जड सरकते? ट्रॅक साफ करूनही फरक नसेल तर खालचे रोलर झिजले असतील. जुना रोलर दुकानात दाखवून तसाच आणा. तेल टाळा, त्याला धूळ चिकटते.

🪵 लाकडी खिडकी फुगून अडकते? पावसाळ्यात रंधा मारू नका, उन्हाळ्यात फट पडेल. सध्या कडांना मेणबत्ती घासा. लाकूड वाळलं की उघड्या कडा रंगवा.