विसावा कोणाकोणाचा?

रविवारची उपासना संपते, मंडळीच्या दारात ‘जय ख्रिस्त’ होतं आणि दुपारपासून फोनवर सोमवारची कामं सुरू. मग शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळला की नाही? असा प्रश्न निघाला की आपल्याकडे बहुधा वाराचा वाद रंगतो. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम थांबवतात. बाकीचे बहुतेक ख्रिस्ती प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार मानतात. पौलानं रोमकरांना लिहिताना दिवस मानण्याचा वाद ज्याच्या त्याच्या खात्रीवर सोडला. तो तिथंच राहू द्यावा.

शब्बाथच्या आज्ञेत खरा ऐवज आहे तो वेगळ्याच ठिकाणी. दहा आज्ञा बायबलात दोनदा येतात आणि शब्बाथचं कारण दोन्हीकडे निराळं आहे. ‘निर्गम’ म्हणतं, देवानं सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून. ‘अनुवाद’ म्हणतं, तुम्ही मिसरात गुलाम होता हे विसरू नका, म्हणून. गुलामाला सुट्टी नसते; सुटका झालेल्यानं ती घ्यायची आणि द्यायचीही. त्यामुळे आज्ञेतली यादी घरधन्यापाशी थांबत नाही: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परकासुद्धा.

येशूनं शब्बाथ मोडला असा आरोप झाला तेव्हाही मुद्दा हाच होता. अठरा वर्षं कंबरेतून वाकलेल्या बाईला त्यानं सभास्थानात सरळ उभं केलं. सभास्थानाचा अधिकारी संतापला. बैलाला पाण्यावर न्यायला शब्बाथच्या दिवशी दावं सोडता, मग हिची गाठ का सोडायची नाही, असा येशूचा सवाल होता.

रविवारला सरकारी सुट्टीचा मान मिळाला तो इ. स. ३२१मध्ये, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकमानं. न्यायालयं आणि शहरातले कारागीर थांबले. शेतीला मात्र सूट होती. म्हणजे राबणाऱ्यांतला सर्वांत मोठा वर्ग पहिल्याच फटक्यात बाहेर! त्याआधीची सुमारे तीन शतकं ख्रिस्ती लोक रविवारी जमत, पण तो दिवस कामाचाच असे.

मुंबईत गिरणी कामगारांना रविवार मिळाला तोही देवळातून किंवा चर्चमधून नव्हे. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी मालकांना ती मान्य करावी लागली. खंडोबाचा वार हेही त्या मागणीमागचं एक कारण होतं. रविवार पाळणाऱ्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या मुंबईत ही मागणी एका सत्यशोधकाला लढून मिळवावी लागली, याचं आपण मंडळीत कधी स्मरण करत नाही.

आजच्या विश्वासणाऱ्यांपैकी बरेच जण इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायाकडे बोट दाखवतात. देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अजून राखून ठेवला आहे, असं तिथं म्हटलं आहे. स्वतःच्या कर्मांनी तारण कमावण्याची धडपड सोडून ख्रिस्तावर विसंबणं, हा त्याचा अर्थ. अर्थ खोल आहे, पण त्याच्या आडून ‘मग दिवस पाळायची गरज काय’ ही पळवाटही निघते. धर्मसुधारक कॅल्व्हिननं ती ठेवली नव्हती. शब्बाथच्या, म्हणजे चौथ्या आज्ञेची त्यानं तीन प्रयोजनं सांगितली: आत्मिक विसावा, एकत्र उपासना आणि चाकरांना कष्टांतून मोकळीक. पहिल्या दोहोंवर प्रवचनं पुष्कळ होतात.

तिसरं अडचणीचं आहे. रविवारी इस्पितळ बंद ठेवता येत नाही, आणि परिचारिकांमध्ये ख्रिस्ती मुली पुष्कळ. त्यांचा शब्बाथ पाळीच्या वेळापत्रकावर ठरतो. यात काही वावगं नाही. पण उपासनेहून परतताना मागवलेली बिर्याणी आणून देणारा पोरगा? कॅथलिक धर्मशिक्षणात इतकं स्पष्ट सांगितलं आहे, की आपल्या अनावश्यक मागण्यांमुळे दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळणं अवघड होऊ नये. आणि घरकामाला येणारी बाई रविवारी आली नाही, तर आपण तो तिचा खाडा धरतो.