साखळीचा ताण आणि ब्रेक

टीओएमच्या पेपरसाठी चेन ड्राइव्ह आणि बँड ब्रेक हे दोन धडे आपण वेगवेगळे पाठ करतो. झाडं कापायच्या विजेच्या चेन सॉमध्ये मात्र ते एकमेकांच्या भरवशावर चालतात.

माझं गाव खारेपाटण. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा आंबा-काजूची बरीच झाडं आडवी झाली. (वीजही गेली, त्यामुळे विजेची कटर सुरुवातीला माळ्यावरच राहिली, हा भाग वेगळा!) ‘कटर’ हे आमच्याकडचं बोलीतलं नाव. ती चालवणाऱ्यांना मी बघतो. धार सगळे तपासतात, ताण फार थोडे.

साखळी सैल का होते? थोडं गणित करू. ४० सेंमीच्या पट्टीवर साधारण ५६ ड्राइव्ह लिंकची, ३/८ इंच पिचची साखळी बसते. तिची एकूण लांबी सुमारे १०६७ मिमी. काम करताना ती ६० अंशांनी तापली, तर पोलाद पाऊण मिमीच्या आसपास वाढतं. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतंय? पण ही सगळी वाढ पट्टीच्या खालच्या बाजूला जमली, तर मधोमध झोळ पडतो जवळजवळ १ सेंमीचा! झोळ हा वाढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून एवढा फरक. पट्टीही तापून थोडी लांबते, त्यामुळे प्रत्यक्षात झोळ यापेक्षा कमी पडेल. तरी ड्राइव्ह लिंक पट्टीच्या खाचेत काही मिमीच शिरलेली असते, हे विसरू नका. झिजेचंही तसंच. ११२ रिव्हेट प्रत्येकी ०.०१ मिमी झिजले, तरी लांबी १ मिमीहून जास्त वाढते. ‘साखळी ताणली गेली’ म्हणतात ती बहुतेक ही झीज असते. नव्या साखळीचे सांधे बसेपर्यंत तर ताण वारंवार बघावा लागतो.

आता ब्रेक. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. याला किकबॅक म्हणतात. साखळीचा वेग सेकंदाला १० मीटरहून जास्त, म्हणजे ०.१ सेकंदात १ मीटर. तेवढ्यात माणूस काय करणार? म्हणून पुढच्या हँडलसमोर गार्ड असतो. तो मनगटाने ढकलला गेला, किंवा झटक्याने स्वतःच पुढे गेला, की मोटर तुटते आणि ब्रेक लागतो. अनेक यंत्रांत हा चक्क आपला बँड ब्रेक असतो. खटका सोडल्यावर साखळी हळूहळू थांबते ती वेगळी व्यवस्था, तिला किकबॅकचा ब्रेक समजू नये.

खरी गोम पुढे आहे. ब्रेक धरतो तो साखळी फिरवणाऱ्या चक्राला, साखळीला नव्हे. साखळी दात्यांवर आणि खाचेत नीट बसली असेल तरच ती चक्राबरोबर थांबते. सैल होऊन उतरली, तर चक्र जागच्या जागी थांबेल आणि साखळी मात्र फटका मारून जाईल. म्हणजे ब्रेकची परीक्षा ताणापासून सुरू होते.

तपासणी सोपी आहे. माझे काका म्हणतात, “आधी वायर काढ, मगे हात लाव.” हातमोजे घालून साखळी खालच्या मधल्या भागात ओढा. ती थोडी उतरून सोडताच परत चिकटली पाहिजे, पण ड्राइव्ह लिंक खाचेबाहेर येता कामा नये. हाताने ती पुढे सरकलीही पाहिजे, कारण फार घट्ट साखळी पट्टी जाळते आणि मोटरवर भार टाकते. मग वायर जोडून, दोन्ही हातांनी धरून चालू करा आणि मनगटाने गार्ड ढकला. साखळी तत्काळ थांबली नाही, तर त्या दिवशी कापणी नाही.

बाजारात अँगल ग्राइंडरला लावायची चेन सॉची जोडणी स्वस्तात मिळते. तिला साखळीचा ब्रेकच नसतो. हॉस्टेलच्या मागचं बाभळीचं खोड कुणी ‘जुगाड’ने तोडायला निघालं, तर मी त्यात नाही.

आणि काम संपल्यावर, गरम असताना ताणलेली साखळी सैल करून ठेवा. थंड होताना ती आखडते आणि चक्राच्या बेअरिंगवर रात्रभर ओढ देत बसते.