वाळीत टाकलेल्यांनी वसवलेलं गाव

छत्रपती संभाजीनगरहून जालना साठेक किलोमीटर. १९८१ पर्यंत तर जालना याच जिल्ह्याचा भाग होता. या जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक नवं ख्रिस्ती गाव वसलं. नाव बेथेल. आता गंमत बघा: नाव बायबलमधलं, जमीन निजामाच्या राज्यातली, वसवणारा जन्माने ब्राह्मण, आणि तिथे राहायला आलेली बरीचशी माणसं गावकुसाबाहेरची! ज्या काळात या माणसांनी एका पाणवठ्यावर उभं राहणंही शक्य नव्हतं, त्या काळात ती एका गावात आली कशी?

ख्रिस्ती माणसांचा छळ म्हटलं की आपल्याला रोम आठवतं, आखाडे आणि सिंह आठवतात. महाराष्ट्रात सिंहांची गरजच पडली नाही. इथे बहिष्कार पुरेसा होता. त्याची यंत्रणा किती चोख होती! न्हावी येणार नाही, भटजी येणार नाही, सोयरीक जुळणार नाही, पाणी भरू देणार नाहीत. आज एखाद्याचं बँक खातं, मोबाइल आणि रेशनकार्ड एकाच सकाळी बंद पडावं, तशी त्या माणसाची गत व्हायची. शास्त्रात तर पतिताच्या नावाने पाण्याचा घट उपडा करून त्याला मेलेला मानण्याचा विधीच होता. माणूस धडधाकट जिवंत, आणि त्याचं घर सुतकात!

बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री यातूनच गेले. १८४३ साली मुंबईत, डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यामागोमाग धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. बारा वर्षांच्या आसपासचं पोर. वडील कोर्टात गेले. चारच वर्षांपूर्वी, १८३९ मध्ये, धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाच्या खटल्यात त्याच्या मर्जीला कोर्टाने मान दिला होता. श्रीपत मात्र अजाण ठरला आणि त्याला वडिलांच्या हवाली करण्यात आलं.

प्रकरण इथे मिटायला हवं होतं, नाही का? मुलगा घरी आला, बाप्तिस्माही झालेला नव्हता. पण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता! त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायचं की नाही, यावर मुंबई पेटली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले, तर कर्मठांचा रोष त्यांच्यावरही ओढवला. बहिष्काराची धार केवढी, ते इथे कळतं. जाणाऱ्याला तर ती कापतेच, परतणाऱ्यालाही सोडत नाही, आणि परतणाऱ्याला हात देणाऱ्यालाही नाही.

पुढे सरकारलाही यात पडावं लागलं. १८५० चा एकविसावा कायदा आला: धर्म बदलला किंवा जातीबाहेर काढलं, एवढ्या कारणाने कुणाचा वारसाहक्क जाणार नाही. १८६६ मध्ये आणखी एक कायदा झाला. धर्मांतर केलेल्या माणसाला जोडीदाराने त्या कारणावरून सहा महिने टाकलं, तर त्याला कोर्टात जाता येई. कोर्ट जोडीदाराला विचारणार, नांदायला येतेस का? नाही म्हटलं, तर एक वर्ष थांबून पुन्हा तोच प्रश्न. तेव्हाही नकार आला, तर लग्न मोडणार. एका बाईचं मन वळेल का, हे बघण्यासाठी कायद्याने वर्षभर वाट पाहायची, हे वाचून मी थक्क झालो.

पण याहून थक्क करणारी वाट एका माणसाने पाहिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. माहेर इतकं सोवळं की वडील बाजारातून आलेलं धान्यसुद्धा धुऊन घेत. लक्ष्मीबाई नातेवाइकांसोबत पंढरपूरला राहिल्या. टिळक कायद्याच्या दारी गेले नाहीत, पत्रं लिहीत राहिले. वर्षं गेली. मग लक्ष्मीबाई परतल्या, तरी आपलं सोवळं सांभाळूनच. आणि मग, कुणीही हात न धरता, त्यांच्याच मनात जातिभेदाची गाठ सुटत गेली. धान्य धुणाऱ्या घरातली ती लेक कुणाच्याही हातचं पाणी पिऊ लागली! १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिलं आहे, आणि विलक्षण गोष्ट ही की त्यात कुणाहीबद्दल विष नाही. ज्यांनी ताटातूट केली त्यांच्याबद्दलही नाही.

हे बळ येतं कुठून? नव्या करारात याचा चक्क क्रमच लावून दिला आहे. पौल रोमकरांना लिहितो की संकटातून धीर निपजतो, धीरातून कसाला उतरलेलं शील आणि शीलातून आशा. पेत्र सांगतो, अग्निपरीक्षा आली तर नवल मानू नका. म्हणजे छळ हा वाटेतला अपघात नसून वाटेचाच एक टप्पा आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं! पण म्हणून छळ ओढवून घ्या, असंही नाही. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी जा, असं येशू शिष्यांना स्पष्ट सांगतो. आणि छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, हेही. सोसायचं, पण सूड साठवायचा नाही.

नारायण शेषाद्री दुसऱ्या गावी गेले, ते थेट निजामाच्या मुलुखात. सालारजंग दिवाण असताना त्यांना जालन्याजवळ जमीन मिळाली. ज्यांना जुन्या गावात पाणी नव्हतं, त्यांच्यासाठी नवं गाव उभं राहिलं. बहिष्कार माणसाला गावाबाहेर काढू शकतो. बाहेर काढलेल्यांनी एकत्र येऊन गावच वसवलं, तर बहिष्काराच्या हाती काय उरतं? १८७३ मध्ये हेच शेषाद्री न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत डोक्याला पागोटं बांधून बोलायला उभे राहिले.

मात्र सगळ्यांचं सोसणं सारखं नव्हतं. ब्राह्मणाने धर्म बदलला तर घर तुटे. महार-मांगांनी बदलला तर आधीच तुटपुंजं असलेलं बलुतं, म्हणजे पोटच, धोक्यात येई. आणि त्यांच्याकडून धर्मांतराची किंमत अजून वसूल होते आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना दिला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती झालेला दलित अजून त्या यादीबाहेर आहे. वस्ती तीच, गरिबी तीच, शेजाऱ्याच्या नजरेतली जातही तीच, पण सवलत नाही.

श्रद्धेपायी सोसणाऱ्याचं कौतुक जरूर करावं. पण त्याच्या धीराचे गोडवे गाताना त्याला सोसायला लावणाऱ्यांना मोकळं सोडू नये. संविधानाच्या कलम २५ ने प्रत्येकाला आपला धर्म निवडण्याची, पाळण्याची मोकळीक दिली आहे. ती कागदावरून आपल्या गल्लीत उतरवणं हे शेजाऱ्यांचं, म्हणजे तुमचं-माझं काम आहे. सुरुवात ‘स्मृतिचित्रे’ वाचण्यापासून करा. आणि तुमच्या ओळखीत कुणी वेगळ्या वाटेने गेलं असेल, कुठल्याही धर्मात, तर त्याच्या घरी जाऊन पाणी प्या.