संकटासाठी राखून ठेवलेल्या लहरी

लंडनमधला पोलीस शिपाई गस्तीवर एकटा कोंडीत सापडला, तर तो खिशात फोन शोधत बसत नाही. अंगावर अडकवलेल्या बिनतारी संचाच्या माथ्यावर ठळक रंगाचं एक छोटं बटण असतं, ते तो दाबतो. त्या क्षणी त्या भागातल्या सगळ्या वाहिन्या गुंतलेल्या असल्या, तरी कमी निकडीचं एखादं संभाषण तोडून त्याला जागा दिली जाते. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर त्याच्या संचाची ओळख झळकते. पुढचे काही सेकंद त्याचा माइक आपोआप उघडा राहतो. हात झटापटीत अडकले असले, तरी धापा टाकत सांगितलेला पत्ता पलीकडे ऐकू जातो.

आपल्या मोबाइलला हे जमत नाही, कारण त्याचं जाळं वेगळ्या हिशोबावर उभं आहे. सगळे ग्राहक एकाच वेळी फोन करणार नाहीत, असं धरून कंपनी टॉवर उभारते. एरवी हे गणित चोख बसतं. आपत्तीत नेमकं तेच कोलमडतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तेव्हा अडकलेल्या मुंबईकरांना सर्वांत जास्त गरज होती ती घरच्यांच्या आवाजाची, आणि फोन काही केल्या लागत नव्हते.

म्हणूनच अनेक देशांनी पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी स्वतंत्र रेडिओ जाळी विणली. युरोपात यासाठी ‘टेट्रा’ हे तंत्र रुजलं. ब्रिटनमधल्या जाळ्याचं नाव एअरवेव्ह, फिनलंडमधल्या जाळ्याचं व्हिर्वे, बेल्जियममधल्या जाळ्याचं ॲस्ट्रिड. ३८० ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला एक हिस्सा तिथे या सेवांसाठी राखलेला आहे. मोबाइलच्या बहुतेक लहरींपेक्षा या लहरी लांबवर पोचतात. त्यामुळे थोडक्या टॉवरांत मोठा मुलूख कवेत घेता येतो.

या जाळ्याच्या पोटात डोकावलं की थक्क व्हायला होतं. टेट्राची एक वाहिनी अवघी २५ किलोहर्ट्झ रुंद असते, आणि तिच्यावर चार संभाषणं एकाच वेळी चालतात. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १४ मिलिसेकंदांचा वेळ येतो. तेवढ्यात आवाजाचा आवळून लहान केलेला तुकडा पाठवायचा आणि पुढच्या तिघांना वाट द्यायची. ही फेरी सेकंदाला सतरा-अठरा वेळा पुरी होते. पलीकडचा संच ते तुकडे सांधून अखंड वाक्य ऐकवतो, आणि बोलणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

या वाहिन्या कुणा एका खात्याच्या नावावर लावलेल्या नसतात. स्टेशनवर सगळ्या तिकीट-खिडक्यांसाठी मिळून एकच रांग लावावी आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढच्याला पाठवावं, तसं हे वाटप चालतं. बोलण्याचं बटण दाबलं की साधारण ०.३ सेकंदात वाहिनी मिळते. नंबर फिरवणं नाही, घंटी वाजणं नाही. शिवाय एक जण बोलतो तेव्हा त्याच्या गटातले सगळे ते ऐकतात. एका टॉवरखाली गटातले पन्नास जण असले, तरी त्या टॉवरवरची एकच जागा खर्ची पडते. मोबाइलवरून पन्नास जणांना कळवायचं, तर किती फोन करावे लागतील!

आणि टॉवरच कोसळला तर? तर दोन संच थेट एकमेकांशी बोलतात. जवळ उभी असलेली गाडी दुवा होऊन त्यांचा आवाज मुख्य जाळ्यापर्यंत नेऊ शकते. टॉवर उभा आहे पण त्याची केबल तुटली आहे, असं झालं, तर तो आपल्या आवाक्यातल्या संचांना आपसात जोडत राहतो. सगळं काही बिघडलेलं असेल असं समजूनच ही यंत्रणा आखलेली आहे.

हे शहाणपण मात्र फार महागात पडलेलं आहे. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रात १९९३च्या बॉम्बस्फोटानंतर अग्निशमन दलाचे संदेश उंच मजल्यांपर्यंत पोचवणारा रिपीटर बसवला होता. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्याच्या सकाळी तो सुरू करण्यासाठी उत्तर मनोऱ्यात एक बटण दाबलं गेलं. तिथल्या मुख्य हँडसेटवरून बोलायचं, तर दुसरं बटणही दाबावं लागत होतं. ते दाबलंच गेलं नाही. अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली, काही ऐकू येईना, तेव्हा रिपीटर बिघडला असं समजून तिथे तो सोडून देण्यात आला. पोलिसांची हेलिकॉप्टरं वरून मनोऱ्यांची अवस्था पाहत होती, पण पोलीस आणि अग्निशमन दल यांच्या रेडिओ यंत्रणा वेगवेगळ्या होत्या. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. पुढे २०१२ साली अमेरिकेने कायदा करून फर्स्टनेट हे देशव्यापी जाळं उभारायचं ठरवलं आणि ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या २० मेगाहर्ट्झ लहरी त्याला दिल्या.

मुंबईच्या पुराच्या अवघे १९ दिवस आधी, ७ जुलै २००५ला, लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले. बहुतेक मदत पथकांचे रेडिओ जमिनीखाली चालत नव्हते. खालची खबर वर आणायला माणसांना धावत यावं लागलं. रुग्णवाहिका सेवेचे अधिकारी मोबाइलवर विसंबून होते आणि मोबाइल कोलमडले होते. त्यानंतर एअरवेव्हच्या लहरी भुयारात पोचवल्या गेल्या.

आता या दलांना आवाजासोबत चित्रफीत, नकाशे आणि रुग्णाच्या हृदयाचा आलेखही पाठवायचा असतो. टेट्राची वाट त्यासाठी अरुंद पडते. दक्षिण कोरियाने २०१४च्या सेवोल जहाज दुर्घटनेनंतर मोबाइलच्या ४जी तंत्रावर आधारलेलं स्वतंत्र जाळं देशभर नेलं. ब्रिटनही त्याच वाटेवर आहे, पण तिथलं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं आहे. ०.३ सेकंदांचा वेग आणि टॉवरविना बोलण्याची सोय नव्या तंत्रात तितक्याच खात्रीने आणणं किती अवघड आहे, हे त्यावरून कळतं.

आपल्याकडे पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग गेली अनेक दशकं काम करतो आहे. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत टेट्रा जाळंही आलं. सगळ्या दलांना एकत्र जोडणाऱ्या देशव्यापी ब्रॉडबँड जाळ्याची शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने २०१८ साली केली. एरवी लिलावात मोठी किंमत आणणाऱ्या लहरी अशा कामासाठी बाजूला ठेवायच्या, तर त्यामागे जनमताचा रेटा हवा. रस्ते आणि धरणांइतक्याच आग्रहाने आपण हे जाळं मागायला हवं.

तोवर आपल्या हातातली एक गोष्ट करू या. पूर, भूकंप, स्फोट असं काही घडलं, की घरच्यांना पुन्हा पुन्हा फोन लावू नका. ‘सुखरूप आहे’ एवढा एसएमएस पाठवा. त्याला फोनपेक्षा फार कमी जागा लागते आणि गर्दीतूनही तो पोचण्याची शक्यता जास्त असते. तुम्ही मोकळी ठेवलेली वाट ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावणाऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.