एका फाइलीत मावलेला संगणक

हिशेबाचं एखादं जुनं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीशिवाय चालत नाही, म्हणून ऑफिसात कोणीतरी व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपीचं व्हर्च्युअल मशीन करून देतं. वर्षानुवर्षं काम सुरळीत चालतं. मग एक दिवस हार्ड डिस्क अडखळायला लागते. त्या मशीनची अख्खी डिस्क जिच्यात असते ती 40 जीबीची व्हीडीआय फाइल कॉपी करायला घ्यावी, तर मध्येच एरर.

अशा वेळी बहुतेक जण पुन्हा कॉपी करून बघतात. कृपा करून तसं करू नका. खराब सेक्टर दिसला की डिस्क तो वाचायला पुन्हा पुन्हा धडपडते आणि त्यातच तिचं उरलंसुरलं बळ संपतं. आतून टकटक आवाज येत असेल, तर लगेच वीज बंद करा. पुढचं काम क्लीन रूम असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आत दव धरतं.

आवाज नसेल, तर फाइलीच्या मागे न लागता आधी अख्ख्या डिस्कची सेक्टरवार नक्कल घ्यायची. त्यासाठी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतात. सहज वाचता येणारा भाग तो आधी उचलतो, अडलं की पुढे उडी मारतो आणि दुखऱ्या जागांकडे शेवटी वळतो. कुठला भाग मिळाला, कुठला राहिला याची नोंद मॅपफाइलीत होते: मिळालेल्याला ‘+’, वाचता न आलेल्याला ‘-’, अजून न पाहिलेल्याला ‘?’. मध्येच वीज गेली तरी काम जिथं थांबलं तिथून पुढे सुरू होतं. मात्र मॅपफाइल चांगल्या डिस्कवरच ठेवा. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सचा होम फोल्डर बहुधा रॅममध्येच असतो, वीज गेली की तोही गेला.

नक्कल झाली की मूळ डिस्क काढून ठेवा आणि नक्कल फक्त वाचण्यापुरती माउंट करा. व्हीडीआय उचलताना शेजारचा स्नॅपशॉट्सचा फोल्डरही घ्या. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतल्यावर मूळ फाइल गोठते, त्यानंतरचं सगळं लेखन वेगळ्या फाइलीत होतं. नुसती मूळ फाइल घेतलीत, तर हिशेब स्नॅपशॉटच्या तारखेलाच थांबलेला सापडेल.

नुकसान किती, हे सेक्टर कुठला गेला यावर ठरतं. वाढत जाणाऱ्या व्हीडीआयमध्ये आतली डिस्क 1 एमबीच्या तुकड्यांत असते आणि कुठला तुकडा कुठे आहे याचा नकाशा फाइलीच्या सुरुवातीला. त्यातली एकेक नोंद 4 बाइटची. डेटातला 512 बाइटचा सेक्टर गेला, तर तेवढेच बाइट गेले, आणि ती जागा कदाचित रिकामीच असेल. नकाशातला तेवढाच सेक्टर गेला, तर 128 नोंदी, म्हणजे 128 एमबीचा पत्ता हरवतो. तुकडे फाइलीत असतात, पण कोण कुठला ते कळत नाही.

आता या व्हीडीआयची आणखी एक प्रत काढा, कारण पुढे तिच्यावर लेखन होऊ शकतं. ती थेट सुरू करायचा मोह टाळा. सुरू होताना विंडोज स्वतःच दुरुस्तीला लागतं, त्यात उरलेल्या फाइलीही तुटू शकतात. दुसऱ्या, धडधाकट व्हर्च्युअल मशीनला ही प्रत दुसरी डिस्क म्हणून जोडा, हिशेबाचा फोल्डर बाहेर काढा, सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि शेवटच्या छापील ताळेबंदाशी आकडे ताडून पाहा.