टकरीच्या आधी

कृष्णविवरांच्या टकरीचे सारे कौतुक शेवटाच्या वाट्याला येते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर आली, लायगो या शोधयंत्रणेने टिपली, पेढे वाटले गेले. पण अशी टक्कर संगणकावर घडवायची तर आधी सुरुवात मांडावी लागते. मला तरी या सुरुवातीचाच इतिहास जास्त चुरशीचा वाटतो.

आइन्स्टाइनच्या दहा समीकरणांपैकी सहा पुढे काय घडेल ते सांगतात. उरलेली चार पहिल्या क्षणावरच अटी घालतात. अवकाशाची वक्रता मनाला येईल तशी लिहून चालत नाही. १९८० मध्ये बोवेन आणि यॉर्क यांनी सुटसुटीत वाट काढली. अवकाश मुळात सपाट धरायचे, फक्त त्याचे माप जागोजाग ताणायचे. मग विवराची गती आणि फिरकी कागदावरच लिहून देता येते. १९९७ मध्ये ब्रँट आणि ब्रूगमन यांनी ही रीत संगणकासाठी आणखी सोपी केली.

गोम अशी, की केर यांनी १९६३ मध्ये गणिताने दाखवलेले फिरते विवर या सपाट साच्यात बसतच नाही. चारही अटी पाळल्या जातात, तरी विवराभोवती नको त्या लहरी साचतात. देहूरोडहून लोकल सुटताना बसतो तसा एक हिसका बसतो. तो ओसरेपर्यंतची आकडेवारी अभ्यासक सोडून देतात. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. कमाल शक्य फिरकीच्या ०.९९ पट मांडली, तरी ती बघता बघता ०.९३ च्या आसपास घसरते.

घसरली, हे मोजायचे कसे? विवराचे घटनाक्षितिज, म्हणजे जिथून प्रकाशही सुटत नाही ती सीमा, आखायला पुढचा सारा काळ ठाऊक असावा लागतो! इथे शिरपूरला जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर येतात. १९९९ च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांसह ‘विलग क्षितिजां’ची मांडणी केली: भविष्याची वाट न पाहता विवराच्या पृष्ठावरच वस्तुमान आणि फिरकी मोजायची. २००३ मध्ये बद्री कृष्णन आणि इतरांनी ती संगणकी गणितात आणली. पुढे सुरुवात मांडतानाही क्षितिजावर अशाच अटी लावल्या जाऊ लागल्या.

२००८ मध्ये लव्हलेस, ओवेन, फायफर आणि चू यांनी सपाटपणाचा हट्टच सोडला आणि दोन केर-विवरांची भूमिती एकमेकांवर रचली. फिरकी ०.९९९७ पर्यंत मांडता आली. ०.९७ ची फिरकी पुढे चालवून पाहिली, तर घसरण दहा हजारांत काही भाग एवढीच!

पुण्यात आयुका या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर यांनी लहरी शोधण्यासाठी जे साचे जुळवण्याचे तंत्र उभे केले, त्याला लहरींचे अचूक साचे लागतात, आणि टकरीच्या क्षणाचे साचे या गणितांतूनच येतात. २३ नोव्हेंबर २०२३ च्या लहरीत दोहोंपैकी जड विवराची फिरकी ०.९ च्या घरात निघाली. एवढ्या वेगाच्या फिरकीला वेगवेगळे साचे लावले, तर आजही वस्तुमानाची उत्तरे वेगळी येतात.